शरदातले लावे

इग्नातिसनं लाव्यांचा घोस ओट्यावर ठेवला, तेव्हा मिर्सिनीनं आधी ते मोजले. चौदा होते. मग एक पालथा करून छातीवरची पिसं तिनं फुंकर मारून बाजूला केली. कातडीखाली चरबीचा पिवळसर थर होता. बोटानं दाबला की खळगा तसाच राहत होता.

"लोण्याचे गोळे आहेत, विहीणबाई," इग्नातिस म्हणाला. "काल पहाटे जाळ्यात आले. समुद्र ओलांडायच्या आधी इतकं खाऊन घेतात, की मग उडायचाच कंटाळा येतो त्यांना. अगदी माझ्यासारखं."

तो स्वतःच्या विनोदावर हसला. मिर्सिनीही हसली. हसताना तिचं बोट त्या खळग्यातच होतं.

लेस्बोस बेटावर लावे वर्षातून दोनदा उतरतात. वसंतात येतात ते आफ्रिकेकडून दमून आलेले, हाडं आणि पिसं, बस्स. त्यांचं सूप करायचं, दुसरं काही होत नाही. सप्टेंबरच्या शेवटी उत्तरेकडून येतात ते खरे लावे. त्यांना तेल लागत नाही. नुसतं मीठ लावून निखाऱ्यावर धरलं तरी स्वतःच्याच चरबीत तळून निघतात. मांस गडद, हाडाजवळ किंचित गोड, आणि वास असा की शेजारच्या घरातला माणूस काही तरी मागायचं निमित्त काढून दारात येतो.

आणि माणसाला धरतात तेही हेच.

'लाव्यानं धरलं' असं बेटावर म्हणत. म्हणत म्हणजे दुसऱ्याच्या घराबद्दल, आणि हळू आवाजात. एकाच कढईतून आठ जण खात आणि सात जण हात धुऊन कामाला जात. आठव्याच्या मांड्या काही तासांत दगड होत, दंड उचलेनासे होत, लघवी कॉफीसारखी काळी होई. काही जण आठवडाभरानं उठत. काही उठत नसत. लावे समुद्रापलीकडे कसल्या तरी बिया खातात म्हणून असं होतं, असं कुणी म्हणे. पण बिया सगळ्याच लाव्यांनी खाल्लेल्या, लावे सगळ्यांनीच खाल्लेले, मग धरतो तो एकालाच का? यावर गावाचं उत्तर ठरलेलं होतं: रक्त. ज्या घरात एकाला धरलं, त्या घरात पुन्हा धरणार. त्या घरातली मुलगी करायची नाही.

मिर्सिनीच्या भावाला, फानिसला, धरलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि ती चौदाची. तो दुपारी जेवला आणि ऑलिव्हच्या बागेत दगड वाहायला गेला. पाच तासांनी त्याला दाराच्या फळीवर घालून घरी आणला, आणि चौथ्या दिवशी तो गेला. बापानं डोंगरापलीकडच्या त्या गावात सगळ्यांना सांगितलं, पोरगा झाडावरून पडला. मिर्सिनीनंही तेच सांगितलं. लग्न करून डोंगराच्या अलीकडे आली तेव्हा तेच सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, तो वारल्यावर मुलीलाही तेच सांगितलं. तीस वर्षांत तिनं लावा तोंडात घातला नव्हता. अमेरिसालाही कधी घालू दिला नव्हता. 'मला वास सोसत नाही,' एवढं कारण पुरत होतं.

आता अमेरिसाचं इग्नातिसच्या प्रोकोपिसशी ठरत होतं. रविवारी दुपारी मुलाकडचे जेवायला येणार, शब्द देणार, अंगठी घालणार. आणि त्यांच्या घराची रीत अशी, की लावे मुलाच्या बापानं धरायचे, मुलीच्या घरी शिजवायचे, आणि मुलानं आपल्या ताटातला पहिला लावा मोडून मुलीला भरवायचा.

मुलाची आई मारिग्थो शनिवारी संध्याकाळी डोकावली. पातळ, ताठ बाई. ओट्यावरचे पिसं काढलेले लावे तिनं एकेक करून उलटून पाहिले.

"कसे करणार?"

"भट्टीत भाजते म्हटलं. चांगले कडक."

"कडक?" मारिग्थोनं भुवया उचलल्या. "चिमण्या आहेत का या, कडक करायला? द्राक्षाच्या पानात गुंडाळायचे, मातीच्या भांड्यात भातावर मांडायचे, झाकण कणकेनं बंद करायचं. चरबी सगळी भातात उतरते. लाव्यापेक्षा भातच संपतो आधी."

"पानं जून झालीत आता."

"माझ्याकडे खारवलेली आहेत. पाठवते."

"नको, विहीणबाई. तुमच्याकडे आल्यावर ती शिकेलच तुमच्या हातचं. माझ्या घरचं शेवटचं जेवण माझ्या हातचं होऊ द्या."

मारिग्थोनं हातातला लावा ओट्यावर ठेवला. "होऊ दे," ती म्हणाली. "पण आत भरायला लिंबू वापरू नका. काही बायका लिंबानं चव मारतात आणि मग म्हणतात, लाव्यात काय ठेवलंय."

ती गेल्यावर मिर्सिनीनं प्रत्येक लाव्याच्या गळ्यातली दाण्याची पिशवी कापून उघडली. तिला स्वतःलाही माहीत नव्हतं, की ती नेमकं काय शोधते आहे. गवताचे दाणे, एक-दोन किडे, थोडी वाळू, आणि काहींमध्ये लहान, तपकिरी, उभ्या रेघांच्या बिया. त्या तिनं बोटावर घेऊन उजेडात धरल्या. जिऱ्यापेक्षा बुटक्या होत्या. बडीशेपेच्या जातीच्या म्हणाव्यात, तर वास उंदराच्या मुतासारखा. अशा बिया पाच पक्ष्यांत निघाल्या, नवांत नाहीत. पण आज पिशवीत नाहीत म्हणजे आठवड्यापूर्वी खाल्ल्या नव्हत्या, असं थोडंच? चौदाही सारखेच लठ्ठ होते. तिनं पिशव्या चुलीत टाकल्या.

तिची आजी म्हणायची, विष असलंच तर ते चरबीत असतं. म्हणून रविवारी सकाळी तिनं लावे जाळीवर मांडले, खाली परात ठेवली आणि भट्टी अशी पेटवली, की परातीत चरबी टपटप पडू लागली. दर थोड्या वेळानं ती परात बाहेर काढून चरबी एका वाडग्यात ओती. त्यात मीठ उतरलं होतं, ओरेगानो उतरला होता. शेवटी अर्धा वाडगा भरला. लावे आक्रसून मुठीएवढे झाले, पण कोरडे निघाले.

वाडगा तिनं मागच्या दारी ओतायला उचलला आणि थांबली. लाव्याची चरबी कुणी फेकत नाही. अंगणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिनं पाहिलं असतं, तर संध्याकाळपर्यंत मारिग्थोला कळलं असतं. मिर्सिनीनं वाडगा फडताळाच्या वरच्या कप्प्यावर, मिठाच्या मडक्यामागे सरकवला. अंधारात दिव्यात घालून जाळून टाकू, असं तिनं ठरवलं.

"आई, किती वास सुटलाय!" अमेरिसा आत आली. डोक्याला निळा रुमाल, गाल लाल. "तू म्हणायचीस सोसत नाही. मला तर भूक लागली."

"तुला कसलीही भूक लागते. जा, टेबलावर चादर घाल."

जेवायला पाच जण बसले. इग्नातिसनं उझो दारूचे पेले भरले, मुलाच्या पाठीवर थाप मारली. "हाडं चावायला दात नसतील कुणाला तर सांगा, मी चावून देतो."

"तुमचेच तीन उरलेत," मारिग्थो म्हणाली. तिच्या ताटात भात आणि चीज होतं. लावा तिनं घेतला नव्हता. दाढ दुखते म्हणाली.

प्रोकोपिसनं ताटातला लावा हातात घेतला. पोरगा मोठ्या हातांचा, लाजरा. त्यानं छातीचा तुकडा मोडला आणि अमेरिसाकडे वळला. तिनं हसून तोंड उघडलं.

"थांबा," मिर्सिनी म्हणाली.

सगळे थांबले.

"आमच्या डोंगरापलीकडची एक रीत आहे. मुलीचा पहिला घास आईनं खायचा. तिच्या नशिबातलं कडू असेल ते आईच्या पोटात जातं."

"पंचवीस वर्षं झाली तुम्हाला इकडे येऊन," मारिग्थो सावकाश म्हणाली. "ही रीत कधी ऐकली नाही."

"मुलगी एकच आहे ना. रीत काढायची वेळच आली नव्हती."

इग्नातिस खो खो हसला. "देऊन टाक रे! सासूला आधी खूश कर, बायको आपोआप होते."

"मग घासच का?" मारिग्थो म्हणाली. "कडू अर्धंच गेलं तर? अख्खा खा, विहीणबाई. रीत म्हणजे रीत."

मिर्सिनीनं प्रोकोपिसच्या हातातून लावा घेतला आणि खाल्ला. आधी छाती, मग मांड्या, मग पाठीची बारीक हाडं, कुरकुर आवाज करत. मारिग्थो तिच्या जबड्याकडे बघत होती. तीस वर्षांत चव जराही बदलली नव्हती. धुराखाली मांस, मांसाखाली काळिजासारखी गोडी. तिच्या जिभेला पाणी सुटलं आणि त्याची तिला भयंकर शरम वाटली. फानिसनं त्या दिवशी सहा खाल्ले होते आणि सातव्यासाठी तिच्याशी भांडला होता. तो सातवा तिनं त्याला दिला होता.

प्रोकोपिसनं दुसऱ्या लाव्याला हात घातला, तेव्हा 'आईनं खाल्ला, की त्या दिवशी मुलीनं खायचा नसतो,' असं म्हणून तिनं अमेरिसाच्या ताटात भात वाढला. अंगठी घातली गेली. अमेरिसा भात खाऊन उठली. "मला वाससुद्धा पुरला," ती प्रोकोपिसला म्हणाली, "पण तुझ्याकडे आले की रोज मागेन, सांगून ठेवते."

पाहुणे गेल्यावर मिर्सिनी खुर्चीत बसून राहिली. तिनं मनात घड्याळ लावलं होतं. पाच तास. दर थोड्या वेळानं मांडी दाबून बघे, दंड वाकवून बघे. संध्याकाळ झाली. भांड्यात लघवी करून ती खिडकीशी नेऊन पाहिली: गवताच्या रंगाची. झोपायच्या आधी पुन्हा पाहिली, पहाटे पुन्हा. काही झालं नव्हतं. तिच्यात ते रक्त नव्हतं, की तो पक्षी चांगला होता, की भट्टीनं काम केलं होतं? तीन कारणं, आणि त्यातलं कुठलं खरं ते ठरवायला काही मार्ग नाही. पण तिला हलकं वाटलं, इतकं हलकं की घागर घेऊन ती झऱ्यावर गेली आणि येताना कित्येक वर्षांनी गुणगुणली.

वाडगा ती साफ विसरली होती.

सोमवारी मुलाकडच्यांच्या बागेत बांधबंदिस्ती होती. पावसाच्या आधी ढासळलेले बांध रचायचे, झाडांखालचं गवत काढायचं. होणाऱ्या सुनेनं पहिला दगड ठेवायचा. सगळे मिळून डोंगर चढत होते. इग्नातिस पुढे खेचर घेऊन, मग प्रोकोपिस, मग अमेरिसा पाठीवर दगडाची टोपली घेऊन, मागे दोन्ही आया.

तिसऱ्या बांधाशी अमेरिसा थांबली आणि मांडी चोळू लागली.

"काल नाचली असशील रात्री एकटीच," प्रोकोपिस म्हणाला.

"गप्प रे. गोळा आलाय नुसता."

"चालल्यानं सुटतो," इग्नातिसनं वरून ओरडून सांगितलं. "बसलं की धरतो."

'धरतो' हा शब्द मिर्सिनीनं ऐकला. ती भराभर वर गेली आणि मुलीच्या कानाशी लागली. "सकाळी काय खाल्लंस?"

"पाव."

"कशाशी?"

अमेरिसा ओशाळून हसली. "रागावू नकोस. तू झऱ्यावर गेलीस तेव्हा मीठ काढायला गेले, तर मागे वाडगा सापडला. आत चरबी थिजून पांढरी झाली होती, लोण्यासारखी. काल तूच सगळं खाल्लंस, मला काही नाही. म्हटलं आईनं माझ्यासाठीच लपवून ठेवली असेल."

"किती?"

"सगळी. आई, इतकी छान होती! तळाला ओरेगानोचे कण होते, ते बोटानं पुसून खाल्ले."

चौदा लाव्यांची चरबी. तिनं स्वतःच्या हातानं, थेंब थेंब करून, एका वाडग्यात जमवलेली.

मिर्सिनीनं मागे पाहिलं. मारिग्थो पाच पावलांवर उभी होती, टोपलीचा पट्टा नीट करत. ऐकलं असेल का? तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

आता बोलायला हवं होतं. खाली ठेव ती टोपली, एक पाऊलही टाकू नकोस. जे पडून राहिले ते वाचले, जे कामाला गेले ते गेले, हे मिर्सिनीला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. पण मग 'का' असं विचारतील. बोटात अंगठी येऊन एक दिवस झाला होता. आणि गोळा तर कुणालाही येतो. काल मला काही झालं नाही. मला नाही, तर तिलाही नसेल. पुढच्या बांधापर्यंत बघू.

"चल, सावकाश," ती म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला.

पुढच्या बांधापर्यंत बासष्ट पावलं होती. ती मोजली गेली, कारण त्या वेळी डोक्यात दुसरं काही ठेवायची तिची हिंमत नव्हती. अमेरिसा पुढे चढत होती. आधी उजवा पाय हातानं उचलून टाकू लागली, मग डावाही. मागे मारिग्थोच्या काठीचा आवाज येत होता, टक, टक, आणि तीही काही बोलत नव्हती.

बांधावर पोचल्यावर अमेरिसा झुडपाआड गेली. परतली ती झुडपाला धरून, पांढरीफटक. "आई," ती म्हणाली, "माझ्यातून काहीतरी काळं आलं."

प्रोकोपिस धावला. "हात दे, चालव तिला जरा..."

"हात लावू नकोस!" मिर्सिनी किंचाळली. "निजव तिला. टोपली काढ. एक पाऊल चालवलंस तर मरेल ती. लाव्यानं धरलंय." आणि मग, कुणी विचारायच्या आत, "माझा भाऊ झाडावरून पडला नव्हता."

वर खेचर खिंकाळलं. इग्नातिस तोंड उघडं टाकून उभा होता. मारिग्थोनं आपली टोपली खाली ठेवली, शाल काढून जमिनीवर पसरली आणि प्रोकोपिसला म्हणाली, "यावर. पाय वर नको, सपाट." मग मिर्सिनीकडे न बघता म्हणाली, "वाट बघत होते, कधी बोलता याची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. काल रीत काढलीत तेव्हापासून. आम्ही सुनेला लावा शरदातच का खाऊ घालतो, काय वाटलं तुम्हाला? वसंतात नसतात का लावे?" तिनं मुलीच्या कपाळावरचा रुमाल सैल केला. "आमच्या घरात आहे ते. दुसरीकडचंही आलं तर नातवंडं राहत नाहीत. म्हणून बघून घेतो."

"आई, काय बोलतेस तू?" प्रोकोपिस म्हणाला. त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्याही घरात कुणी तरी झाडावरून पडलं असणार.

अमेरिसाला शालीची झोळी करून चौघांनी खाली आणलं. डॉक्टर दुपारी खेचरावरून आला. पाणी पाजा, हलवू नका, म्हणाला. लघवी विचारली. होती का? सकाळी एकदा. नंतर? नाही. त्यानं चष्मा काढून पुसला. अजून काही करता येईल का, असं मिर्सिनीनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "येणार असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते."

मंगळवारी आली नाही. बुधवारी आली नाही. अमेरिसाचा चेहरा सुजून तुकतुकीत झाला, पापण्या उघडेनात. दंडाला हात लावला तरी ती विव्हळे. एकदा शुद्धीवर येऊन तिनं विचारलं, "मामाला पण असंच?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

मिर्सिनीनं ओला रुमाल पिळून पुन्हा तिच्या ओठांना लावला.

प्रोकोपिस रोज दाराबाहेरच्या दगडावर येऊन बसे. आईनं आत जायला बंदी केली होती आणि त्यानं ती पाळली होती. पण दगडावर बसू नको, असं कुणी त्याला म्हटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मारिग्थो आली. हातात घडी घातलेला रुमाल होता. तो अंगठी बांधून परत न्यायला होता, हे सांगायची गरज नव्हती. अंगठी सुजलेल्या बोटातून सोमवारीच कापून काढावी लागली होती. तिचे दोन तुकडे फडताळावर, मिठाच्या मडक्याशेजारी पडले होते. मारिग्थो उंबऱ्यावर थांबली.

मिर्सिनी त्याच वेळी मुलीच्या खालचं भांडं काढत होती. एनॅमलचं पांढरं भांडं. ते दोन्ही हातांनी धरून ती खिडकीशी गेली आणि तिनं ते उजेडात तिरकं केलं. तळाशी बोटभर होतं. मग तिनं वळून पाहिलं, रुमालाकडे नाही, मारिग्थोच्या तोंडाकडे.

"बघा," ती म्हणाली. "काल नव्हतीच. तुम्ही पाहिलंय ना पूर्वी? बघा ही."

मारिग्थो आत आली. रुमाल तिच्या मुठीतच राहिला. भांड्यावर वाकून तिनं बराच वेळ पाहिलं.

"काळी आहे अजून," ती म्हणाली.

"पण आली."

"आली." ती खाटेच्या कडेला टेकली. तिचा ताठ कणा हळूहळू वाकला. "आमच्या एलेन्गोला चौथ्या दिवशीही आली नव्हती. आठ वर्षांची होती." मग, खाली बघूनच, ती म्हणाली, "त्या चढावर मीही बोलले नाही. मला खात्री करून घ्यायची होती."

मिर्सिनीनं भांडं रिकामं केलं, विसळलं, कोरडं पुसलं, म्हणजे पुढच्या वेळचा रंग खरा दिसेल, आणि पुन्हा मुलीच्या खाली सरकवलं.